सात रस्त्याजवळचं समुपदेशन केंद्र: आमच्या घराचा अनुभव

सोलापुरात मुलांच्या मनाच्या त्रासासाठी कुठं जायचं, हे मला अलीकडे बऱ्याच जणी विचारतात. ऑफिसातल्या एकीची मुलगी, गल्लीतल्या एकाचा पुतण्या, आईबरोबर टॉवेल शिवणाऱ्या एका काकूंचा नातू. प्रत्येकीला फोनवर तेच सांगते, पण घाईत निम्मं राहून जातं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

केंद्राचं नाव लिहीत नाही. जागा लहान आहे, तिथं येणारी माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखतात, आणि ज्याच्यासाठी आम्ही गेलो तो माझा धाकटा भाऊ अजून १८ वर्षांचाही नाही. त्याला विचारूनच लिहितेय. "नाव नको टाकू अक्का, बाकी सगळं लिही," असं तो म्हणाला. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मला वेगळं विचारावं, मी सांगेन. पण नाव नसतानाही हे वाचून दुसऱ्या कुठल्या केंद्रात गेलात, तर तिथं काय बघायचं आणि काय विचारायचं एवढं नक्की कळेल.

आमचं घर पूर्व भागातलं. पप्पा यंत्रमागावर आहेत, आई घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते, मी जीएसटीची कामं करणाऱ्या ऑफिसात आहे. अव्वा, म्हणजे पप्पांची आई, आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आली. आता तिच्या बोटांना ते होत नाही. घरात तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात जे चालेल ते. भावाला दहावीला उत्तम मार्क पडले आणि घरात लातूरचा विषय निघाला. हुशार मूल, मग नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग तिच्या क्लाससाठी लातूर, हे आमच्याकडं जणू ठरलेलंच असतं. पप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं, अव्वानं पाटल्या गहाण ठेवल्या, आणि तो गेला.

बारावीच्या दिवाळीआधी तो परत आला. सुट्टी नव्हती. बॅग खाली ठेवून म्हणाला, मला बरं वाटत नाही, आणि झोपला. नंतर रात्रभर जागा, दुपारपर्यंत पडून. ताटावर सगळ्यांबरोबर बसेना. मित्राचा फोन आला की मोबाइल पालथा ठेवायचा. अधूनमधून एकदम छातीत धडधड, हात गार, घाम, श्वास अडकल्यासारखं. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही हार्टचं काही असेल म्हणून धावलो. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. "टेन्शन आहे, बाकी काही नाही," असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. पण बाकी काही नसलेलं हे पोरगं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ शकत नव्हतं. अव्वानं नजर काढली, मार्कंडेयाला नवस बोलली. तिचा जीव तुटत होता आणि तिच्या हातात जे होतं ते तिनं केलं.

लातूरच्या त्याच्या वसतिगृहात मुलांशी बोलायला कुणी नव्हतं, हे त्यानं पुढं सांगितलं. दर आठवड्याच्या परीक्षेचा निकाल भिंतीवर लागायचा आणि त्या क्रमानं बॅच बदलायची. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. कोचिंग क्लासही त्यात येतात. मूल कुठंही पाठवत असाल तर फी भरण्याआधी विचारा: ती व्यक्ती कोण, कुठं बसते, मुलगा कुणाला न सांगता तिच्याकडं जाऊ शकतो का?

आता केंद्राच्या आधी आम्ही जिथं गेलो, त्याबद्दल. नात्यातल्या एकांनी एका "माइंड कोच"चं नाव सुचवलं. हॉल भाड्यानं घेतलेला, पुढं मोठा पडदा, मोठा आवाज. भावाला कुणी एक प्रश्न विचारला नाही. रोज आरशासमोर उभं राहून "मी टॉपर आहे" असं म्हणायचं, आणि पूर्ण पॅकेजचे १५,००० रुपये आजच भरले तर सवलत. भाऊ खाली बघत बसला होता, त्याचे हात थरथरत होते. आम्ही पैसे न भरता उठलो. आपल्याकडं कोच म्हणवून घ्यायला कुठली नोंदणी लागत नाही, उद्या कुणीही पाटी लावू शकतो. चांगलं कोचिंग असतं, ते मी पुढं सांगणारच आहे, पण ते करणाऱ्याचं शिक्षण आधी तपासा.

हा फरक आम्हाला कुणी आधी सांगितला नव्हता, म्हणून इथं लिहिते. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. ते एमबीबीएस करून पुढं मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात आणि औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात, चाचण्या घेतात. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं असते. तो नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. आम्ही पुढं ज्या केंद्रात गेलो तिथल्या मॅडमचा भिंतीवरच लावलेला होता, एम.फिल.च्या प्रमाणपत्राशेजारी. मी घरी येऊन आरसीआयच्या वेबसाइटवर तपासला. पुढच्या वेळी मॅडमना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "सगळ्यांनी तपासायला पाहिजे."

मधल्या काळात एक रात्र अशी आली की आम्हाला थांबता येईना. गच्चीवर तो मला म्हणाला, "मी नसतो तर तुमच्या डोक्यावर कर्ज तरी नसतं." मी खाली येऊन १४४१६ ला फोन लावला. ही टेली-मानस सेवा, केंद्र सरकारची, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. बंगळूरूची निम्हान्स ही तिच्यामागची मुख्य संस्था. फोन मोफत, चोवीस तास, २० भाषांत, लावल्यावर भाषा निवडता येते. १८००-८९१-४४१६ हा दुसरा नंबर. माझ्याशी बोलणाऱ्या ताईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही त्याला सरळ विचारलंय का, की मरण्याचे विचार येतात का?" मी म्हटलं, विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल याची भीती वाटते. त्या म्हणाल्या, तसं होत नाही. उलट विचारलं की माणसाला बोलायला वाट मिळते. कसं विचारायचं ते वाक्यसुद्धा त्यांनी सांगितलं. मग फोन भावाकडं दिला आणि तो बराच वेळ बोलला. त्यांनी आम्हाला सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या: आज रात्री त्याला एकटं झोपवू नका, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा, आणि या आठवड्यात डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. मी त्याच्या खोलीत गादी टाकली. नंतर अव्वानंही एकदा तेलुगू निवडून फोन केला, स्वतःच्या काळजीसाठी. ७० ओलांडलेल्या बाईला आपल्या भाषेत कुणीतरी ऐकून घेतलं, हे मला फार मोठं वाटतं.

त्यानंतर आठवड्याच्या आत आम्ही सात रस्त्याजवळच्या या केंद्रात गेलो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती.

पहिल्या भेटीत मॅडमनी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून नियम सांगितला. भाऊ जे बोलेल ते या खोलीत राहील. त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याला कुणी त्रास देत असेल, तरच त्या घरच्यांना सांगतील, आणि तेही आधी त्याला कळवून. पप्पांनी विचारलं, "मग आम्हाला काय कळणार?" मॅडम म्हणाल्या, "तो सांगेल तेवढं. तुमचं काम वेगळं आहे, ते मी तुम्हाला वेगळं देणार आहे." भावाच्या चेहऱ्यावर मला त्या क्षणी पहिल्यांदा थोडी उत्सुकता दिसली.

त्याच्या धडधडीबद्दल त्यांनी त्याला काय समजावलं ते त्यानंच मला सांगितलं. शरीरात धोक्याची घंटा असते. ती खरा धोका नसतानाही वाजू शकते. वाजली की धडधड, घाम, चक्कर हे सगळं येतं, काही मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग आपोआप उतरतं. त्यानं जीव जात नाही. पण प्रत्येक वेळी आपण तिथून पळून आलो की सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते. म्हणून उपाय असा: सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या ठरवायच्या, प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढं जायचं.

त्याची पायऱ्यांची वही अजून घरात आहे. दारात उभं राहणं. किराणा दुकान. कन्ना चौकापर्यंत चालत जाणं. जुन्या मित्राला मेसेज. सिटी बसमधून पार्क चौक. वाचनालयात पुस्तक उघडून बसणं. प्रत्येकापुढं भीतीला १० पैकी मार्क, आधी आणि नंतर. ज्या पोराला मार्कांनी आजारी पाडलं त्याला पुन्हा मार्क द्यायला लावतात, हे मला सुरुवातीला पटलं नव्हतं. मी मॅडमना तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, हे मार्क तो स्वतः देतो आणि ते कमी होत जातात, हेच त्याला बघायचं आहे. खरंच तसं झालं. कन्ना चौकापुढचा आकडा ८ वरून ३ वर यायला बरेच दिवस लागले, पण आला. मधे दोनदा तो निम्म्या रस्त्यातून परत आला होता. मॅडमनी त्यावर त्याला काही बोललं नाही, पायरी अर्धी करून दिली: चौकाऐवजी चौकाआधीचं पानाचं दुकान.

याला त्या कोचिंग म्हणतात आणि मला तो शब्द इथं योग्य वाटतो. दर भेटीनंतर करायचं काम ठरलेलं, पुढच्या भेटीत त्याचा हिशोब. आईवडिलांनाही तसंच. आमच्या घराला त्यांनी दिलेली कामं अशी होती: ताटावर अभ्यासाचा विषय काढायचा नाही. तो खोलीत एकटा असला तर पाच-पाच मिनिटांनी दार उघडून "बरं आहे ना?" विचारायचं नाही, त्यानं त्याची भीती वाढते. सकाळी ८ ला उठवायचं, रात्री कितीही जागला असला तरी. नातेवाइकांनी "लातूरहून का आला?" विचारलं तर घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर भावानं ठरवायचं. त्यानं ठरवलं: "तब्येत बरी नव्हती, आता इथूनच शिकतोय." एवढं साधं वाक्य, पण घरात पाहुणे आले की त्याचे खांदे आवळायचे ते कमी झाले. आईला सगळ्यात अवघड गेलं ते दार न उघडणं. ती शिलाई मशिनवर बसायची आणि कान खोलीकडं असायचे. तिच्यासाठी मॅडमनी वेळ ठरवून दिली, दुपारी चारला चहा घेऊन जायचं आणि शेजारी बसायचं, प्रश्न न विचारता.

पण ज्या भेटीमुळं मी हे सगळं लिहितेय ती कर्जाची. भाऊ मॅडमकडं काय बोलला ते आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी त्याची परवानगी घेऊन घरातल्या सगळ्यांना बोलावलं आणि पप्पांना सांगितलं, येताना कर्जाचे कागद आणा. पप्पांना आवडलं नाही. पैशाच्या गोष्टी पोरांसमोर करायच्या नाहीत, ही आमच्या घरची रीत. तरी पतसंस्थेचं पासबुक आणि हिशोबाची वही घेऊन आले. मॅडम म्हणाल्या, "याला सांगा, किती घेतलं, किती फिटलं, किती राहिलं, महिन्याला किती जातात." पप्पांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. भाऊ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "एवढंच?" त्याच्या डोक्यात घर विकावं लागेल असा आकडा होता. रात्री आईपप्पा हळू आवाजात कर्जाबद्दल बोलायचे, भिंतीपलीकडून त्याला अर्धवट शब्द ऐकू यायचे, आणि उरलेलं तो स्वतः जोडत गेला होता. महिनोन्महिने. आमच्या घरात एकमेकांना जपण्यासाठी जे झाकून ठेवलं होतं त्यानंच त्याला सगळ्यात जास्त छळलं.

मग मॅडमनी पप्पांना विचारलं, मंदीत कारखाना आठवड्यातून तीन-चार दिवसच चालायचा तेव्हा तुम्हाला झोप लागायची का? पप्पा बराच वेळ गप्प. म्हणाले, "नाही लागायची. छातीत असंच धडधडायचं. कुणाला सांगायचं?" आईसुद्धा त्यांच्याकडं बघत राहिली. भावानं हे पहिल्यांदा ऐकलं. मीही.

अव्वाला मराठी कळतं पण मनातलं बोलायला तेलुगूच लागतं. मॅडमना तेलुगू येत नाही. त्यांनी मला बजावलं, ती बोलेल ते जसंच्या तसं सांगायचं, गोड करून नाही. अव्वा भावाला म्हणाली, "पाटल्या माझ्या, ठेवल्या मी, सोडवायचं तुझा बाप बघेल. तू त्यात पडू नकोस." मी तसंच मराठीत सांगितलं. मॅडम हसल्या, भाऊही हसला. त्या दिवशी परतताना रिक्षात तो पप्पांच्या शेजारी बसला आणि महिन्याला किती जातात याचं गणित करत होता.

औषधाबद्दलही लिहायला हवं, कारण लोक मला तेच आधी विचारतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर मॅडमनी स्वतः सांगितलं की झोप आणि उदासी फक्त बोलण्यानं आटोक्यात येईल असं दिसत नाही, सायकियाट्रिस्टना दाखवा. आपल्याकडचा पेशंट जाईल म्हणून धरून ठेवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आम्ही सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. पप्पा आधी तयार नव्हते, त्यांना सवय लागेल याची भीती होती. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं: या गोळ्यांची नशा किंवा चटक लागत नाही, पण आपल्या मनानं एकदम बंदही करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. सुरुवातीला मळमळ होऊ शकते. आणि तरुण मुलांकडं पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवायचं, अस्वस्थता वाढली किंवा वाईट विचार वाढले तर लगेच यायचं. हे आम्हाला कागदावरही लिहून दिलं. भावाला झोप आधी लागायला लागली, धडधड नंतर कमी झाली. औषध आणि मॅडमकडची कामं दोन्ही चालू होती, त्यामुळं कशानं किती फरक पडला हे मी वेगळं काढून सांगणार नाही. केंद्र आणि सिव्हिलचे डॉक्टर यांच्यामध्ये मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली होती, आम्हाला तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली नाही.

पैशाचं सांगते. एकट्याच्या भेटीचे ८०० रुपये, साधारण पाऊण तास. घराच्या एकत्र भेटीचे १,२०० आणि ती दीड तास चालते. पॅकेज नाही, आगाऊ नाही, पावती मिळते. सुरुवातीला दर आठवड्याला, मग मॅडमनीच पंधरा दिवसांवर आणि नंतर महिन्यावर नेलं. आमच्यासारख्या घराला हे कमी नाही. मी ओव्हरटाइम केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला सांगितलंय, पण माझ्या पॉलिसीत दवाखान्यात दाखल झाल्याशिवायचा खर्च कुठल्याच आजाराचा मिळत नाही, त्यामुळं इथं तिचा उपयोग झाला नाही. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी पैशाअभावी थांबू नये. सिव्हिलची ओपीडी आणि १४४१६ हे दोन रस्ते आहेतच.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. बसायची जागा अगदी जिन्यासमोर आहे. वर येणारा प्रत्येक जण तुम्हाला बघतो. पहिल्याच दिवशी आमच्या गल्लीतलं एक कुटुंब शेजारच्या दातांच्या दवाखान्यात आलं होतं आणि भाऊ तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसला. मी सांगितल्यावर पडदा लावला, पण खुर्च्या तिथंच आहेत. अशा ठिकाणी बसायला आतली खोली हवीच. दुसरं, रिसेप्शनवरच्या मुलीला मी माझा नंबर देऊन ठेवला होता, तरी तिनं पप्पांना कारखान्यात फोन केला आणि मागांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून दोनदा मोठ्यानं "काउन्सेलिंगची अपॉइंटमेंट" म्हणाली. पप्पांनी फोन स्पीकरवर घेतला होता. मॅडमनी माफी मागितली आणि आता मेसेज येतो, तोही केंद्राचं नाव न घालता. पण ही काळजी पहिल्यापासून हवी होती. तिसरं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं रस्ते बंद होते, आम्ही पोचू शकलो नाही, तर निम्मी फी लावली. सोलापुरात दवाखाना चालवणाऱ्यांना संक्रांतीच्या दिवसांत काय असतं हे माहीत असायला हवं.

आणि वेळ. संध्याकाळी ५ ते ८. यंत्रमागावर पाळीत काम करणाऱ्या माणसाला हे जमत नाही. पप्पांनी प्रत्येक वेळी खाडा केला, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. फीपेक्षा तीच जास्त बसली. वडिलांना घेऊन या म्हणणाऱ्या केंद्रानं वडील कधी मोकळे असतात हेही बघायला हवं. महिन्यातून दोन रविवार सकाळी सुरू केलं तरी पूर्व भागातली कितीतरी घरं येतील. मी हे लिहून दिलंय. तेलुगू आणि कन्नड येणारं एक माणूस ठेवा, हेही लिहून दिलंय. माझ्यासारखी दुभाषी प्रत्येक घरात असेलच असं नाही, आणि असली तरी काही गोष्टी अव्वा नातीसमोर बोलणार नाही.

एवढं असूनही मी हे केंद्र सुचवेन, आणि कारण एकच. आम्ही भावाला दुरुस्त करायला घेऊन गेलो होतो, आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून आमच्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी करायला दिलं. घरी आल्यावर नेमकं काय करायचं हे आईला माहीत होतं, पप्पांना माहीत होतं. दुसरीकडं जाणार असाल तर हेच बघा. तुमच्या मुलाला एकट्याला वेळ देतात का? गुप्ततेचा नियम त्याच्यासमोर सांगतात का? तुम्हाला बोलावतात का, आणि बोलावून नुसतं ऐकून घेतात की घरी काय करायचं ते ठरवून देतात? गरज पडली तर डॉक्टरांकडं पाठवतात का? आणि "एवढ्या दिवसांत शंभर टक्के बरा" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

भाऊ आता सोलापुरातच कॉलेजला आहे. नीट सोडली, बी.फार्म.साठी सीईटी द्यायचं त्याच्या मनात आहे, पक्कं नाही. वाईट दिवस अजून येतात. मागच्या महिन्यात प्रॅक्टिकलला धडधड झाली, तर बाहेर न पळता टेबल धरून उभा राहिला आणि मग प्रॅक्टिकल पूर्ण केलं, असं त्यानं घरी येऊन सांगितलं. मॅडमकडं आता तो एकटा जातो, पप्पांची गाडी घेऊन.

लातूरच्या क्लासची उरलेली फी अजून मिळालेली नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की पूर्ण फी भरून मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. आम्ही लेखी अर्ज दिलाय. तुमचंही असं काही अडकलं असेल तर तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

पहिल्यांदा जाताना बरोबर ठेवायचं: आधीचे सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं, झोपेच्या वेळा दोन आठवड्यांच्या लिहून काढलेल्या, आणि मुलाच्या हातात एक कोरी वही. फोनवर नाव नोंदवताना सांगा की कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि कोणत्या नाही. १८ च्या आतल्या मुलाला घरात किंवा बाहेर कुणी त्रास देत असेल तर १०९८. जिवाचा प्रश्न असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, ११२ ला फोन करा किंवा थेट सिव्हिलच्या तातडीच्या विभागात जा, तिथं रात्रीही डॉक्टर असतात.